साथीच्या काळात दोघांनी भेटावे कसे?

एप्रिल २०२१ मधली गोष्ट. मुंबईत करोनाची दुसरी लाट जोरात होती. रस्त्यावर विनाकारण फिरणाऱ्या गाड्या कमी व्हाव्यात म्हणून मुंबई पोलिसांनी अत्यावश्यक सेवेतील वाहनांना रंगीत स्टिकर लावण्याची पद्धत सुरू केली. डॉक्टर-परिचारिकांना लाल, भाजीपाला व खाद्यपदार्थ नेणाऱ्यांना हिरवे आणि इतर अत्यावश्यक सेवांना पिवळे. तेव्हा एका तरुणाने ट्विटरवर पोलिसांना उघडपणे विचारले, की मैत्रिणीला भेटायला जायचे आहे, तर गाडीला कोणते स्टिकर लावू? पोलिसांनी त्याला झिडकारले नाही. ही भेट तुम्हांला अत्यावश्यक वाटते हे आम्ही समजू शकतो, पण आमच्या यादीत ती बसत नाही. दुराव्याने प्रेम वाढते आणि सध्या प्रकृतीही चांगली राहते, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले.

लोक हसले आणि विसरून गेले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. मुंबईतील महाविद्यालये मार्च २०२० मध्ये बंद झाली, ती २० ऑक्टोबर २०२१ पासून रीतसर उघडली. म्हणजे सुमारे एकोणीस महिने. २०२० साली बारावी होऊन ज्यांनी प्रवेश घेतला, त्यांचे पहिले वर्ष वर्गाचे तोंडही न पाहता संपले. अठरा ते बावीस हे वय मैत्री करण्याचे, कोणावर तरी जीव जडण्याचे आणि त्यातून स्वतःला ओळखण्याचे. या मुलामुलींना आपण एवढेच सांगितले : भेटू नका. का भेटू नये, भेट झालीच तर काय करावे, कोठली भेट अधिक धोक्याची आणि कोठली कमी, हे फारसे कोणी सांगितले नाही. यात विज्ञान कोठे होते आणि संकोच कोठे होता, ते या लेखात तपासून पाहू या.

मुंबईत एकांत कोठे मिळतो?

परदेशातील काही आरोग्य खात्यांनी या विषयावर स्पष्ट सूचना काढल्या होत्या. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य विभागाने मार्च २०२० मध्येच सांगितले, की चुंबनातून हा विषाणू सहज पसरतो, तेव्हा शारीरिक जवळीक शक्यतो घरातल्या जोडीदारापुरतीच ठेवा. नेदरलँड्सच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने मे २०२० मध्ये एकट्या राहणाऱ्या प्रौढांना सुचवले, की परस्परांशी ठरवून एकाच व्यक्तीशी संबंध ठेवा आणि दोघांपैकी कोणालाही आजाराची लक्षणे असतील तर भेटू नका.

या सूचना लालबाग-परळच्या किंवा गिरगावच्या विद्यार्थ्याला लागू करून पाहा. घरातला जोडीदार हा प्रकार त्याच्याकडे नाही. घरात आईवडील, भावंडे, बहुधा आजी किंवा आजोबा. बीडीडी चाळींचे उदाहरण घेऊ. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी नायगाव, ना. म. जोशी मार्ग, वरळी आणि शिवडी येथे मिळून २०७ होत्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक. अशा घरात एकांत म्हणजे गॅलरीचे टोक, जिन्याचा कोपरा किंवा गच्ची. तेथेही शेजारी असतातच.

म्हणूनच या शहरात एकांत घरात नसतो, तो गर्दीत असतो. शिवाजी पार्कचा कट्टा, दादरची आणि गिरगावची चौपाटी, मरीन ड्राइव्ह, पाच बागा, महाविद्यालयाजवळचा नाका, लोकलचा प्रवास. शेकडो लोकांत दोघे जण शेजारी बसलेले कोणाच्या लक्षात येत नाहीत. टाळेबंदीने ही सगळी ठिकाणे एकदम काढून घेतली. लोकल २२ मार्च २०२० च्या रात्री थांबली. त्या वर्षी लालबागचा राजा मंडळाने मूर्तीही बसवली नाही, त्याऐवजी रक्तदान व रक्तद्रवदानाचा आरोग्योत्सव केला. मांडवात राबताना होणाऱ्या ओळखीही त्यामुळे झाल्या नाहीत. उरला तो मोबाइल. तोही अनेक घरांत एकच, आणि त्यावरच भावंडांचे तासही चाललेले. शेजारी आई भाजी निवडत असताना बोलायचे काय? मग बोलण्याऐवजी टाइप करायचे.

खोलीतील हवेचे गणित

आता विषाणूकडे वळू. सुरुवातीला सर्वांचा भर हात धुण्यावर आणि वस्तू पुसण्यावर होता. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी एका खुल्या पत्राद्वारे बजावले, की हा विषाणू हवेतूनही पसरतो याकडे दुर्लक्ष होत आहे. कसा पसरतो?

आपण बोलतो, खोकतो, गातो तेव्हा तोंडावाटे लहानमोठे थेंब बाहेर पडतात. १०० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब पाच-सहा सेकंदांत जमिनीवर पडतो. ५ मायक्रॉनच्या थेंबाला मात्र स्थिर हवेत दीड मीटर खाली यायला सुमारे अर्धा तास लागतो. त्याहून बारीक कण तासन्‌तास तरंगतात. उदबत्तीच्या धुरासारखे ते बंद जागेत साठत जातात.

१६० चौरस फूट म्हणजे सुमारे १५ चौरस मीटर. छताची उंची ३ मीटर धरली तर खोलीत ४५ घनमीटर हवा मावते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला १२ ते १५ श्वास घेतो आणि दर श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. तासाला साधारण ४०० लिटर झाले. खोलीत सात माणसे आठ तास झोपली, तर ७ × ८ × ४०० म्हणजे २२,४०० लिटर, म्हणजेच २२ घनमीटरांहून अधिक हवा त्यांच्या फुप्फुसांतून जाऊन येते. खिडक्या-दारे बंद असतील तर सकाळपर्यंत खोलीतल्या निम्म्या हवेएवढी हवा कोणाच्या ना कोणाच्या छातीतून फिरून आलेली असते. एकाला लागण झाली असेल तर इतर सहा जणांनी ती कशी टाळावी?

हे नुसते कागदावरचे गणित नव्हे. जुलै २०२० मध्ये मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी तीन विभागांत रक्ततपासणीचे सर्वेक्षण केले. झोपडपट्टीत तपासलेल्यांपैकी सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली, इतर वस्तीत सुमारे १६ टक्के. दाट वस्ती आणि सामाईक शौचालये हे या फरकाचे संभाव्य कारण म्हणून सांगितले गेले. झोपडपट्टीतील माणसे अधिक भटकत होती म्हणून नव्हे, तर त्यांना घरातही एकमेकांपासून दूर राहता येत नव्हते म्हणून.

चौपाटीवर मात्र गणित बदलते. वारा सेकंदाला २ मीटर या वेगाने वाहत असेल, तर बाहेर टाकलेला श्वास मिनिटाभरात १२० मीटर दूर गेलेला असतो. हवा साठत नाही. दोघांनी मास्क लावून, हातभर अंतर ठेवून अर्धा तास बोलणे आणि बंद खोलीत किंवा गाडीच्या काचा लावून तितकाच वेळ बसणे यांत फार मोठा फरक आहे. गंमत अशी, की समाजाच्या नजरेत चौपाटीवर बसणारी जोडी बेजबाबदार ठरते आणि डोळ्यांआड झालेली जोडी कोणाला दिसतच नाही. उघड्यावरून हुसकावलेली जोडी घरी परततेच असे नाही, ती एखाद्या बंद जागेचा आडोसा शोधू शकते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. अगदी जवळ आल्यावर समुद्राचा वाराही उपयोगी पडत नाही. चुंबनात लाळेचा आणि श्वासाचा थेट संपर्क होतो. तेथे मास्क नाही, अंतर नाही. तेव्हा उघड्यावर सारे काही सुरक्षित, असा अर्थ कोणी काढू नये. धोका आहे किंवा नाही, असे दोनच कप्पे नसतात. अंतर, वेळ, हवा आणि मास्क या चार गोष्टींनी तो कमी-जास्त होतो.

एक रेघ जोडली की...

समजा, ती लालबागला सात माणसांच्या घरात राहते आणि तो गिरगावात पाच माणसांच्या घरात. दोन्ही घरे नियम पाळून आहेत. फळ्यावर एका बाजूला सात ठिपके काढा, दुसऱ्या बाजूला पाच. घरातला प्रत्येक जण प्रत्येकाच्या संपर्कात येतो, तेव्हा सर्व ठिपके आपापसांत जोडा. सातांच्या घरात २१ रेघा होतील, पाचांच्या घरात १०. दोन्ही जाळी वेगळी आहेत. आता त्या दोघांच्या भेटीची एकच रेघ काढा. एकतीस रेघांच्या बत्तीस झाल्या, पण बारा माणसांचे एक जाळे झाले. लालबागच्या आजीपासून गिरगावच्या आजोबांपर्यंत वाट तयार झाली. दोघांना ती फक्त आपली भेट वाटते. विषाणूला तो पूल असतो. पोलिसांच्या उत्तरात तथ्य होते ते हेच.

पण याच आकृतीत दुसरीही गोष्ट दिसते. त्या पुलाची दोन्ही टोके त्या दोघांना ठाऊक आहेत. बसमधून किंवा बाजारातून आलेली लागण कोणाकडून आली ते कधीच कळत नाही. येथे ते कळू शकते, दोघांनी सांगितले तर.

एका फोनचे मोल

आता काळ मोजू. २०२० मधल्या मूळ विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच दिवस जात. मात्र लक्षणे दिसण्याच्या आधीचे एक-दोन दिवसच माणूस सर्वाधिक संसर्गकारक असे. या रोगाची अडचण हीच होती. ठणठणीत वाटणारा माणूस तो वाटत फिरे.

दोघे रविवारी भेटले. त्या दिवशी त्याला काहीच होत नव्हते. सोमवारी ताप आला. म्हणजे रविवारी तो भर संसर्गाच्या काळात होता. तिला रविवारी लागण झाली असेल तर सरासरीने शुक्रवारी ताप येईल आणि बुधवारच्या सुमारास तिच्याकडून घरच्यांना संसर्ग होऊ लागेल. त्याने सोमवारी रात्री फोन केला, तर तिच्या हातात संपूर्ण मंगळवार आहे. मास्क लावायचा, खिडकीजवळ वेगळे झोपायचे, आजीच्या जवळ जायचे नाही, योग्य दिवशी तपासणी करून घ्यायची. त्याने लाजेपोटी तीन दिवस फोन केला नाही, तर ते मोलाचे दिवस गेले.

त्याने फोन केला असे धरू. तिचा प्रश्न तेथे सुटत नाही, सुरू होतो. घरी सांगायचे काय? अचानक मास्क का लावलास, असे आई विचारणारच. कोणाला भेटलीस? त्या मुलाचे नाव, जात, गल्ली सगळे निघणार. कदाचित शिक्षण थांबेल. तपासणीत रोग निघाला तर मजला किंवा इमारत सील होणार आणि तो कोठून आला याची चर्चा साऱ्या चाळीत होणार. संपर्कशोध करणारा पालिकेचा कर्मचारी मागील काही दिवसांत कोणाकोणाला भेटलात म्हणून विचारतो, तेव्हा वडील शेजारीच उभे असतात. अशा वेळी एकोणीस वर्षांची मुलगी काय उत्तर देईल? ती गप्प बसेल. आणि त्या गप्प बसण्याची किंमत तिच्या आजीला मोजावी लागेल.

आमच्या मते या विषयाचा गाभा येथे आहे. विषाणूला भेट नैतिक होती की अनैतिक हे कळत नाही. लग्नाच्या पंगतीत आणि चौपाटीच्या कट्ट्यावर तो सारखाच वागतो. पंगतीला गेलेला माणूस तसे सांगतो, कट्ट्यावर गेलेली मुलगी सांगू शकत नाही. रोग फैलावतो तो या फरकामुळे.

ही मुंबई आधीही हे शिकली होती

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वापरला तो हाच कायदा. घरोघर झडत्या सुरू झाल्या, रोग्यांना बळाने हलवले जाऊ लागले. परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. मार्च १८९८ मध्ये तर मुंबईत तपासणी पथकांविरुद्ध दंगल उसळली. त्याच काळात वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. धाकाने माणसे लपली, विश्वासाने ती लस घ्यायला पुढे आली.

एड्सच्या बाबतीत तेच झाले. भारतात एचआयव्हीची लागण १९८६ मध्ये प्रथम आढळली. कलंकाच्या भीतीने लोक तपासणी टाळत. पुढे गुप्ततेची हमी आणि समुपदेशन यांची जोड दिल्यावर ते येऊ लागले. २०१७ च्या कायद्याने तर ही गुप्तता रुग्णाचा हक्क ठरवली.

आणि गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवणारे र. धों. कर्वे यांना कसे विसरता येईल? त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारे केंद्र सुरू केले. या कामापायी १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक त्यांनी चालवले. शरीराविषयी न बोलल्याने नीती वाढत नाही, रोग वाढतात, ही त्यांची भूमिका होती. शंभर वर्षांनंतरही आपण त्या चौपाटीवर तेच अडखळत आहोत.

स्पर्शाची गरज ही चैन आहे काय?

फोनवर बोला की, भेटायची एवढी काय घाई, असे मोठी माणसे म्हणत. शरीरशास्त्र काय सांगते ते पाहू. आपल्या त्वचेत वेगाने संदेश नेणारे चेतातंतू असतात. काय टोचले, कोठे लागले हे ते सांगतात. याखेरीज संथ चेतातंतूंचा एक प्रकार मुख्यतः केसाळ त्वचेत, उदाहरणार्थ हाताच्या वरच्या बाजूला असतो. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर या गतीने, हळुवार फिरणाऱ्या हाताला ते सर्वांत चांगला प्रतिसाद देतात. आई बाळाला गोंजारते तो साधारण हाच वेग. जवळच्या माणसाच्या स्पर्शाने ताण कमी होतो, तो नुसता मनाचा खेळ नव्हे.

योगायोग असा, की महाविद्यालये उघडण्याच्या पंधरवडाभर आधी, ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक उष्णता आणि स्पर्श यांचे ग्राहक शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना जाहीर झाले. ज्युलियस यांनी मिरचीच्या तिखटपणाचा माग काढत उष्णतेचा ग्राहक शोधला. पटापुटियन यांनी पेशीवर दाब पडताच उघडणारी प्रथिने शोधली. पडद्यावर चेहरा दिसतो, आवाज ऐकू येतो, पण ही प्रथिने स्वस्थ बसून राहतात.

याचा अर्थ गरज आहे म्हणून धोका पत्करावा असा नाही. भुकेल्या माणसाला भूक नाहीच असे सांगू नये, एवढाच आहे. भूक मान्य केली तर शिळे अन्न कोणते हेही त्याला सांगता येते.

पडद्यावरच्या जवळिकीलाही तिचे धोके आहेत. भेट नाही म्हणून खासगी छायाचित्रे पाठवली जातात, आणि एकदा पाठवलेले छायाचित्र परत घेता येत नाही. कोणाच्या शरीराचे खासगी छायाचित्र संमतीविना काढणे वा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे. तसेच अठरा वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंध हा कायद्याने गुन्हाच ठरतो, तिची संमती असली तरी. वरिष्ठ वर्गांतील मुलामुलींना हे स्वच्छ शब्दांत सांगायला हवे.

संमती या शब्दाला साथीने आणखी एक अर्थ दिला. घरात कोणाला ताप आहे, कालच कोणाची तपासणी झाली आहे, हे लपवून कोणाला भेटायला बोलावले, तर समोरच्याने दिलेला होकार खरा होकार नव्हे. माहिती दिल्यावाचून संमती पुरी होत नाही.

दोन डोस आणि चौदा दिवस

१ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली. १५ ऑगस्टपासून दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना लोकलचा पास मिळू लागला. तेव्हा कोविशिल्डच्या दोन डोसांत किमान ८४ दिवसांचे अंतर होते. ज्या विद्यार्थ्याला पहिला डोस १ जूनला मिळाला, त्याचा दुसरा लवकरात लवकर २४ ऑगस्टला आणि प्रवासाची मुभा ७ सप्टेंबरला. गणेशचतुर्थी १० सप्टेंबरला होती. लालबाग ते गिरगाव हे जेमतेम पाच-सहा किलोमीटरचे अंतर लोकलने पार करायला ९८ दिवस लागले, असेही म्हणता येईल. लशीने संसर्गाची शक्यता काही प्रमाणात आणि गंभीर आजाराची शक्यता बरीच कमी झाली. विषाणू पालटत राहिल्याने संसर्ग पुरता थांबला मात्र नाही.

वर्गात काय करता येईल?

पहिला प्रयोग उदबत्तीचा. वर्गाची दारे-खिडक्या लावून, पंखा बंद ठेवून पुढच्या टेबलावर उदबत्ती लावा. वास आला की प्रत्येकाने हात वर करायचा आणि वेळ नोंदवायची. मग खिडक्या उघडून वास जायला किती वेळ लागतो ते पाहा. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्यास काय फरक पडतो?

दुसरा प्रयोग ठिपक्यांचा. वर सांगितलेली दोन घरांची आकृती मुलांनाच काढू द्या. मग पाच घरे घ्या. किती रेघांनी ती सगळी जोडली जातात? कोणती रेघ पुसली तर जाळे तुटते?

तिसरी प्रश्नपेटी. पुठ्ठ्याच्या खोक्याला फट पाडा. मुलांनी नाव न घालता प्रश्न टाकावेत. आठवड्यातून एक तास त्यांची उत्तरे द्या. अक्षरावरून कोणाचा प्रश्न हे ओळखू आले तरी ओळखल्याचे दाखवू नका. एखाद्या प्रश्नात फारच निराशा दिसली तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा, म्हणजे तो कोणासाठी लिहिला हे कळणार नाही.

पुढची साथ येईल तेव्हा ती कोणत्या विषाणूची असेल हे सांगता येत नाही. पण त्या वेळीही एकोणीस वर्षांची मुले असतील, चाळीच्या किंवा टॉवरच्या छोट्या खोल्या असतील आणि चौपाटीवर वारा असेल. ताप आल्यावर त्या मुलीला कोणा एका मोठ्या माणसाला न घाबरता खरे सांगता आले, तर तिच्या घरातली आजी वाचण्याची शक्यता वाढेल. ते मोठे माणूस तिचे शिक्षक असू शकतात. आपल्या शाळेत हे प्रयोग करून पाहिल्यास काय अनुभव आला, मुलांनी कोणते प्रश्न विचारले, ते आम्हांला जरूर कळवा.